फुटण्याआधीची चुळबूळ

११ मे २०२४ च्या सकाळी ६ वाजून ५३ मिनिटांनी सूर्यावरची एक ज्वाला ऐन भरात आल्याची नोंद उपग्रहांनी केली. वर्ग एक्स ५.८, म्हणजे सर्वांत दांडग्या जातीतली. आमच्या धानोरा तालुक्यात तेव्हा तेंदूचा हंगाम चालू होता. धडधाकट माणसं पहाटेच जंगलात गेली होती, म्हातारीकोतारी घरी होती, आणि ऊन येनाच्या शेंड्यांवरून नुकतं खाली उतरत होतं. त्या उन्हात एरवीपेक्षा कितीतरी पट जास्त क्ष-किरण होते, पण ते वातावरणाच्या वरच्या थरांतच अडतात. खाली पानं खुडणाऱ्याला त्याचा पत्ता लागण्याचं कारणच नव्हतं.

वर मात्र गोंधळ माजतो. क्ष-किरणांचा असा लोंढा आला की आयनांबराचा खालचा थर एकाएकी दाट होतो आणि लघुलहरी रेडिओचे संदेश गिळून टाकतो. समुद्रावरून जाणारी विमानं, जहाजं, हौशी रेडिओवाले यांचा आवाज पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूला मिनिटं-दोन मिनिटं नव्हे, कधी कधी तासभर बंद पडतो. आदल्या दिवशी, १० मे रोजी, दुपारी बारा चोवीसलाही एक्स ३.९ ची ज्वाला झाली होती. आपल्याकडे तेव्हा सूर्य अगदी डोक्यावर होता.

यातली खरी अडचण वेळेची आहे. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर, प्रकाशाला इथवर यायला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात. क्ष-किरणही प्रकाशाच्याच वेगाने येतात. म्हणजे ज्वाला झाली ही बातमी आणि ज्वालेचा मार, दोन्ही एकाच क्षणी दारात. ज्वालेबरोबर कधी कधी सूर्य अब्जावधी टन तप्त वायू भिरकावून देतो, त्याला इथे पोचायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. तिथे सावध करायला सवड असते. १० मेच्या रात्री जे मोठं चुंबकीय वादळ झालं, ज्यात लडाखच्या हानले इथून आकाश लाल दिसलं, त्याचा इशारा आधी दिला गेला होता. ज्वालेचा इशारा द्यायचा तर ती होण्याआधी सूर्यावर काय चाललंय हेच ओळखावं लागतं. दुसरा मार्गच नाही.

मी आश्रमशाळेत विज्ञान शिकवतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद असली तरी सूर्य बंद नसतो, म्हणून दुर्बीण घरी आणतो. साधी सात पट मोठं दाखवणारी दोन डोळ्यांची दुर्बीण. एका नळीला टोपण लावायचं, दुसरीतून ऊन घ्यायचं आणि मीटरभर अंतरावर पांढरा पुठ्ठा धरायचा. दुर्बिणीला डोळा लावायचा नाही, कधीच नाही, क्षणभरही नाही; डोळा जातो. पुठ्ठ्यावर सहा-सात सेंटीमीटरचं सूर्यबिंब उमटतं, आणि त्यावर डाग असले तर चक्क दिसतात. त्या दिवशी अंगणात बायका-पोरं तेंदूची पानं जुळवत बसली होती, सत्तर पानांचा एक पुडका, वाकाने आवळून. पुठ्ठ्यावर उजव्या कडेकडे सरकलेला अर्ध्या-पाऊण सेंटीमीटरचा एक काळपट पुंजका होता. खगोलशास्त्रज्ञांच्या वहीत त्याचं नाव सक्रिय प्रदेश १३६६४. रुंदी जवळजवळ दोन लाख किलोमीटर, म्हणजे पंधरा पृथ्व्या शेजारी शेजारी मांडाव्यात इतकी.

शेजारच्या आजोबांनी पुडका बाजूला ठेवून बराच वेळ त्या डागाकडे पाहिलं. मग म्हणाले, "का जी मास्तर, येवढा मोठा हाये, मंग फुटन कवा?"

सूर्यावर संशोधन करणारे लोक पन्नास-साठ वर्षं याच प्रश्नाला चिकटून आहेत.

डाग म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागावरची अशी जागा जिथे चुंबकीय क्षेत्र इतकं बळकट असतं की खालून येणारी उष्णता अडते. आजूबाजूचा भाग साडेपाच हजार अंशांचा, डाग त्याहून थंड, म्हणून काळा दिसतो. पण ज्वाला डागात होत नाही, डागाच्या वर होते. एका डागातून निघालेल्या चुंबकीय रेषा कमानीसारख्या वर जाऊन विरुद्ध ध्रुवाच्या डागात उतरतात. या कमानी सूर्याच्या किरीटात, म्हणजे ग्रहणात दिसणाऱ्या त्या मोतिया प्रभेत, हजारो किलोमीटर उंच उभ्या असतात, आणि त्यात दहा-वीस लाख अंशांचा वायू भरलेला असतो. खाली पृष्ठभाग सतत खदखदत असतो. त्यामुळे कमानींचे पाय सरकतात, एकमेकांना घासतात, पिळले जातात. प्रत्येक पिळाबरोबर ऊर्जा साठत जाते. सर्वांत मोठ्या ज्वालांमध्ये सुटणारी ऊर्जा १ वर २५ शून्यं इतक्या ज्यूलच्या घरात जाते. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र आपल्या पूर्ण २,९२० मेगावॅट क्षमतेने एकही दिवस न थांबता चाललं, तर तेवढी वीज करायला त्याला दहा कोटी वर्षं लागतील. सूर्य ती मिनिटांत मोकळी करतो.

साठा आणि ठिणगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मार्च-एप्रिलात पानगळ झाली की मोहाखालचा पाचोळा मोहफुलं दिसावीत म्हणून पेटवतात, आणि त्यातून कधी कधी वणवा लागतो. पाचोळा सगळ्याच जंगलात असतो. वनरक्षकाला विचारलं तर कोणता कक्ष पेटण्याजोगा आहे हे तो लगेच सांगेल. कोणत्या दिवशी पेटेल हे सांगणार नाही, म्हणून तो जाळरेषा काढून ठेवतो. सूर्याच्या बाबतीत विज्ञान बराच काळ इथेच अडलेलं होतं. डाग किती मोठा, त्यातले ध्रुव किती गुंतागुंतीचे, यावरून 'हा धोक्याचा' एवढं म्हणता येई. १३६६४ धोक्याचा आहे हे त्या आठवड्यात कोणीही सांगू शकत होतं. पण सकाळी ६.५३ लाच का?

उत्तर शोधणाऱ्यांनी साठ्याकडून आपलं लक्ष त्या अस्थिर क्षणाकडे वळवलं आहे. पिळलेल्या चुंबकीय रेषांचा एक दोर कमानींच्या खाली दबलेला असतो. त्याला पीळ एका मर्यादेपलीकडे बसला तर तो स्वतःभोवतीच वेटोळं घेतो. किंवा तो वर सरकत अशा उंचीवर येतो जिथे वरच्या कमानींची पकड झपाट्याने सैल होत जाते. तिथून पुढे तो जितका वर जाईल तितकी पकड आणखी कमी, आणि थांबणं अशक्य. तिसरा प्रकार जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या कान्या कुसानो यांनी मांडला. दोन विरुद्ध ध्रुवांच्या सीमारेषेवर अगदी छोट्या जागी रेषा तुटून नव्याने जोडल्या जातात, त्यातून दोन कमानींची एक जोडकमान बनते, आणि तीच अस्थिर होऊन वर उसळते. २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी या आधारावर गेल्या सौरचक्रातल्या मोठ्या ज्वाला तपासल्या, तेव्हा त्यातल्या बहुतेकांचं भाकीत वीस तासांपर्यंत आधी करता येत होतं. मोजके अपवाद राहिले. मला त्यातली जागेची गोष्ट फार आवडते. कोणता डाग फुटेल एवढ्यावर न थांबता डागातल्या नेमक्या कोणत्या टाचणीएवढ्या जागेवरून सुरुवात होईल, हेही ही पद्धत सांगू पाहते.

हे झालं गणित. डोळ्यांना काय दिसतं? इथे गेल्या वीसेक वर्षांत मजा आली आहे. १३ डिसेंबर २००६ ला एक्स ३.४ ची एक ज्वाला झाली. हिनोदे हे जपानी यान त्याच वर्षी सोडलं होतं, आणि त्याच्यावर किरीटाच्या प्रकाशाचा वर्णपट घेणारं उपकरण आहे. लुईस हारा आणि सहकाऱ्यांनी नंतर त्या नोंदी उकरल्या. वर्णपटातल्या रेषा ज्वालेच्या कितीतरी आधीपासून रुंद होऊ लागल्या होत्या. रेषा रुंद होणं म्हणजे तिथला वायू एका दिशेने वाहत नसून वेड्यावाकड्या वेगांनी सगळीकडे हलतो आहे. वर सगळं शांत दिसत असताना आत खळबळ सुरू झालेली असते.

नासाचं सौर गतिकी वेधशाळा यान २०१० पासून दर बारा सेकंदांनी सूर्याचे फोटो काढतं आहे, निरनिराळ्या अतिनील रंगांत. एवढा मोठा साठा जमल्यावर संशोधकांना एकेका ज्वालेची गोष्ट सांगण्यापलीकडे जाता आलं. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्ट रिसर्च असोसिएट्स या संस्थेतल्या कॅरिन डिसॉवर आणि के. डी. लेका यांनी आठ वर्षांच्या फोटोंत फुटलेले आणि न फुटलेले, असे दोन्ही प्रकारचे सक्रिय प्रदेश तपासले. २०२३ च्या जानेवारीत त्यांनी सांगितलं की फुटणाऱ्या प्रदेशांच्या वरच्या किरीटात आधीपासून बारीक बारीक चमकाऱ्यांची लगबग जास्त असते. पुढे एमिली मेसन आणि सहकाऱ्यांनी पन्नासेक जोरदार ज्वालांच्या आसपासच्या कमानी पाहिल्या. त्यांचं तेज ज्वालेच्या दोन ते सहा तास आधीपासून कमी-जास्त होऊ लागतं, कमानी लुकलुकू लागतात. एवढ्यावरून ज्वाला येणार हे साठ ते ऐंशी टक्के वेळा ओळखता येईल, असा त्यांचा दावा आहे.

हे ऐकून हुरळून जाऊ नये. साठ टक्के ही संख्या कानाला बरी लागते, पण विमान कंपनीला वाट बदलायला लावायची तर तेवढ्यावर कोणी हलणार नाही. मात्र या सगळ्या अभ्यासांत एक सूर सारखा आहे. मोठा स्फोट कोरड्या आकाशातून पडत नाही. त्याआधी किरीटात लहान लहान चुळबूळ असते.

ही चुळबूळ सर्वांत जवळून पाहिली ती सोलर ऑर्बिटर या युरोपीय यानाने. ३० सप्टेंबर २०२४ ला ते सूर्याच्या बरंच जवळ होतं, आणि नेमकं ज्या प्रदेशाकडे पाहत होतं तिथेच एम ७.७ ची ज्वाला झाली. अशी सांगड नशिबानेच पडते, कारण हे यान थोडाच वेळ इतक्या बारकाईने पाहू शकतं. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेतले लक्ष्मी प्रदीप चिट्टा यांच्या चमूने ते फोटो तपासले. दोन-दोन सेकंदांच्या अंतराने काढलेले फोटो, ज्वालेच्या चाळीस मिनिटं आधीपासूनचे. सुरुवातीला काळसर वायूची एक कमान आणि तिच्याजवळ एकमेकांना छेदणाऱ्या तेजस्वी रेषा दिसतात. मग नव्या रेषा उगवत राहतात, प्रत्येक नव्या फोटोत थोड्या जास्त, आणि प्रत्येक रेषा पिळलेली. एक जागा तुटते, जोडली जाते, तिचा धक्का शेजारच्या जागेला लागतो, तीही तुटते. लहान घटनांची साखळी वाढत वाढत काळी कमान एका टोकाने सुटते आणि उलगडत बाहेर फेकली जाते. तेव्हा सुटलेले कण प्रकाशाच्या वेगाच्या चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत वेगवान होते. म्हणजे मोठी ज्वाला म्हणून आपण जे मोजतो तो एकच बार नसून, शेकडो छोट्या तुटण्या-जुळण्यांची धावती रांग असू शकते. असं असेल तर भाकिताचा प्रश्नच बदलतो: रांग सुरू झाली की नाही हे कळेल, पण ती मध्येच थांबणार की शेवटपर्यंत जाणार, हे कसं ओळखायचं?

यात पुण्याचा वाटा आहे, आणि तो मुलांना सांगताना मला बरं वाटतं. आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून निघालं आणि ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या आपल्या कक्षेत पोचलं. तिथून सूर्य कधी मावळत नाही. त्यावरची सूट ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेने दुर्गेश त्रिपाठी आणि ए. एन. रामप्रकाश यांच्या नेतृत्वाखाली बांधली. किरीटाकडे पाहणारी उपकरणं जगात आहेत. सूट किरीटाच्या खालचे थर पाहते, जिथून कमानींचे पाय उगवतात, आणि तेही संपूर्ण सूर्यबिंबावर, ज्या अतिनील रंगांत आधी असं कोणी पाहिलं नव्हतं. २२ फेब्रुवारी २०२४ च्या एक्स ६.३ ज्वालेत खालच्या थरात झालेली झगझग आणि वरच्या किरीटातलं वाढतं तापमान यांची जोड सूटच्या नोंदींतून दिसली. खाली आणि वर एकाच वेळी काय चाललं होतं हे असं समजत गेलं, तर चुळबूळ नेमकी कोणत्या मजल्यावर सुरू होते याचा छडा लागेल.

मुंबईची गोष्ट त्याहून जुनी. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन डागांचं चित्र काढत असताना, पुठ्ठ्यावर बिंब पाडण्याची जवळपास आमचीच पद्धत वापरून, त्यांना डागांवर पांढरी लखलख दिसली. पाहिली गेलेली ती पहिली सौरज्वाला. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर वादळ आदळलं. कुलाब्याच्या वेधशाळेत, जिथे त्याआधी केरूनाना छत्रे यांनी नोकरी केली होती, चुंबकीय सुईच्या नोंदी माणसं हाताने घेत होती. सुई वेडीवाकडी हलू लागली तशा त्या नोंदी अधिक जवळजवळच्या वेळांनी घेतल्या गेल्या, म्हणून ते वादळ आज आपल्याकडे आकड्यांत शिल्लक आहे: क्षेत्रातली घट सुमारे १६०० नॅनोटेस्ला. २०२४ च्या मेमधलं मोठं वादळ साधारण चारशेच्या आसपास होतं. वादळं ध्रुवांजवळच्या देशांचं दुखणं, आपण विषुववृत्ताजवळ आहोत, आपल्याला काय, असं बोलणाऱ्यांना मी कुलाब्याचा आकडा दाखवतो. आमच्या शेजारून चंद्रपूरहून पडघ्याला जाणारी साडेसातशे किलोमीटरची वीजवाहिनी निघते. १८५९ साली बिघडायला तारायंत्रांपलीकडे काही नव्हतं.

१८९८ च्या २२ जानेवारीला विदर्भावरून खग्रास ग्रहणाची सावली गेली होती, हेही फारसं कोणी सांगत नाही. वर्ध्याच्या पुढे धामणगावजवळच्या तळणी स्टेशनापाशी इंग्रज खगोलप्रेमींचा तळ पडला होता, आणि अॅनी माँडर या बाईंनी छोट्या कॅमेऱ्यातून सूर्याच्या किरीटाचा एक लांबच लांब धागा फोटोत पकडला. तोवर इतका लांब कोणाला मिळाला नव्हता. किरीट पाहायला तेव्हा काही मिनिटांचं ग्रहण गाठायला समुद्र ओलांडून यावं लागे. आता बारा सेकंदांनी नवा फोटो येतो.

शाळा सुरू झाल्यावर मी वर्गात एक तक्ता लावला. रोज सकाळी पुठ्ठ्यावर डाग पाहायचे, वहीत काढायचे, आणि प्रत्येकाने लिहायचं: येत्या चोवीस तासांत एक्स वर्गाची ज्वाला होणार की नाही? निकाल अमेरिकेच्या नोआ संस्थेच्या पानावर मिळतो. सातवीतली एक मुलगी पहिल्या दिवसापासून रोज 'नाही' लिहायची. डागांकडे ती धड पाहायचीही नाही. आणि ती सगळ्यांच्या पुढे होती. २०२४ सारख्या गजबजलेल्या वर्षातही अशा ज्वाला पन्नासच्या थोड्या वर झाल्या. म्हणजे वर्षभर डोळे मिटून 'नाही' म्हणणाऱ्याचे शंभरातले पंच्याऐंशीहून जास्त दिवस बरोबर येतात. मुलांनी कालवा केला. त्यांचं बरोबर होतं.

भाकीत करणाऱ्या शास्त्रज्ञांपुढेही हीच भानगड आहे, आणि त्यांनी तिच्यावर काढलेला तोडगा आम्ही उचलला. ज्वाला झालेल्या दिवसांपैकी किती आधी पकडले, तो भाग घ्यायचा. त्यातून ज्वाला न झालेल्या दिवसांपैकी किती वेळा उगाच ओरडलो, तो भाग वजा करायचा. या हिशेबात रोज 'नाही' म्हणणाऱ्याला शून्य. रोज 'हो' म्हणणाऱ्यालाही शून्य. लुकलुकणाऱ्या कमानी असोत की नागोयाचं गणित, कोणत्याही पद्धतीचा कस याच शून्याच्या वर ती किती चढते यावर लागतो, आणि मोठ्या ज्वाला मुळातच कमी असल्याने तो लागायला वर्षं जातात. त्यात २०२४ च्या अखेरीस या सौरचक्राची भरती होऊन गेली. पुढची तीन-चार वर्षं डाग कमी होत जातील, तपासायला ज्वालाही कमी मिळतील.

नवीन हिशेब लावला त्या दिवशी मुलगी फुगून बसली. मग तिने विचारलं की त्या लुकलुकणाऱ्या कमानींचे फोटो आपल्याला मिळतात का. मिळतात, कोणालाही, फुकट, निळसर-हिरव्या रंगातले. फक्त ते उघडण्याएवढं नेटवर्क शाळेत नाही, गावाबाहेरच्या टेकाडावर आहे. आता ती 'हो' किंवा 'नाही' लिहिण्याआधी मागच्या सहा तासांचे फोटो मागते. मधल्या सुट्टीत माझा फोन घेऊन दोन मुलांना टेकाडावर पाठवायची परवानगी मी मुख्याध्यापकांकडे मागितली आहे.